बाटलीतली नासपती

काचेच्या आतल्या बाजूनं एक गांधीलमाशी चालत होती. बाहेरच्या नव्हे, आतल्या. एर्विन चुडिनला हे उमगायला जरा वेळ लागला, कारण चौतीस वर्षं त्यानं बाझल शहराच्या ट्रामगाड्यांची वेळापत्रकं आखली होती, आणि एखादी गोष्ट जिथं असायला नको तिथं दिसली की त्याला आधी आपलाच कागद चुकल्यासारखं वाटायचं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. माशी आतच होती. बाटलीत एक नासपती होती, अख्खी, पिवळी पडत आलेली, देठानं अजून फांदीला धरलेली. आणि तिच्या पोटावरून माशी सावकाश वर चढत होती, जागा बघायला आलेल्या भाडेकरूसारखी, मधेच थांबत, जरा टोचून बघत. ऑगस्टचा शेवटचा सोमवार होता. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. मार्लिस यायला पाच दिवस उरले होते.

कुंपणापलीकडून ट्राम गेली आणि त्यानं सवयीनं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं उशीर. एरवी या दोन मिनिटांनी त्याचा दिवस कडू झाला असता. आज त्याला तेवढी फुरसत नव्हती. बाटली दर वर्षी त्याची बायको मार्लिस बांधायची. मे महिन्यात, फळ अंगठ्याच्या पेराएवढं असताना, फांदीचं टोक अलगद बाटलीच्या तोंडातून आत सरकवायचं, बाटली तोंड खाली करून झाडाला सुतळीनं टांगायची, आणि विसरून जायचं. फळ आतच वाढतं. सप्टेंबरात देठ कापायचा, बाटली धुवायची, नासपतीची दारू ओतायची, नाताळला कुणाला तरी भेट द्यायची. पाहुणे हमखास विचारत, एवढं मोठं फळ एवढ्याशा तोंडातून आत गेलं कसं? मार्लिस म्हणायची, "लग्नात जातं तसं. लहान असताना." पाहुणे हसत. एर्विन सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा विनोद त्यानं निदान वीसदा ऐकला होता, आणि त्यात विनोदाखेरीज आणखी काही असेल अशी शंका त्याला या जूनपर्यंत आली नव्हती.

जूनमध्ये मार्लिस नदीपलीकडे दोन खोल्यांच्या घरात राहायला गेली. बातमी मात्र मे महिन्यात आली, आणि तीही याच झाडावरून. ती शिडीवर होती, हात वर, दातांत सुतळी. तो खाली शिडी धरून उभा होता. सुतळी तोंडातून काढून तिनं सांगितलं, "एर्विन, मी जूनपासून वेगळी राहणार आहे." तो म्हणाला, "आधी खाली ये." नंतर त्यानं या उत्तराचा पुष्कळ विचार केला. शिडीवरच्या माणसाशी गंभीर बोलू नये, पडायची भीती असते, हे नियम म्हणून बरोबरच होतं. ती खाली आली, हात पुसले, आणि मग दोघांनी चहा घेतला. भांडण झालं नाही. भांडायला निदान एखादा मुद्दा लागतो, आणि तो त्यानं मागितला तेव्हा तिनं कप खाली ठेवला. "मुद्दा असा नाही," ती म्हणाली. "तिकडे खिडकी उघडी ठेवता येते." खिडकीनं वारा येतो, वाऱ्यानं मान धरते, हे त्यानं तिला समजावून सांगितलं. ती हो म्हणाली. जाताना तिनं शिवणयंत्र नेलं, रेडिओ नेला, आणि दारात उभी राहून एवढंच बोलली, की बाटली घ्यायला सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी दहाला येईन, तोवर तिला हात लावू नकोस.

या वाक्यातलं बाकी सगळं त्याला दुखलं, पण 'शनिवारी दहाला' हे शब्द त्यानं घट्ट धरून ठेवले. वेळ दिली म्हणजे गाडी बंद झालेली नाही. बंद केलेल्या मार्गाला वेळ नसते. गेले तीन महिने तो रोज बागेत आला तो त्या एका वेळेच्या आधारानं. पालिकेनं भाड्यानं दिलेला एवढासा तुकडा, एक लाकडी खोपट, एक बाक, नासपतीचं झाड, दोन आलुबुखाराची, काही वाफे. तो बाकावर बसायचा आणि बाटलीतलं फळ फुगताना बघायचा. फळ नीट राहिलं तर ती येईल, बाटली उन्हात धरून बघेल, कदाचित म्हणेल, यंदा छान झाली. मग चहाचं विचारता येईल. याच्यापुढचं त्यानं आखलं नव्हतं. पण गाडी वेळेवर स्थानकात आली की पुढचं आपोआप होतं, असा त्याचा अनुभव होता.

आणि आता बाटलीत माशी.

माश्यांच्या बाबतीत एर्विन चुडिन हा साधा माणूस नव्हता. बागमंडळात त्याची पद्धत प्रसिद्ध होती. बिअर, रास्पबेरीचं सरबत, आणि मधमाश्या फिरकू नयेत म्हणून चमचाभर व्हिनेगर. हे मिश्रण निमुळत्या तोंडाच्या बाटल्यांत भरून झाडाला टांगायचं. माशी वासानं आत शिरते, बाहेर येता येत नाही, बुडते. चोवीस वर्षं त्याच्या झाडावरची फळं इतरांपेक्षा शाबूत राहिली होती. मंडळाच्या अध्यक्षांनी एका वसंतात त्याला व्याख्यान द्यायला लावलं. त्यानं फळ्यावर आकृती काढली, मिश्रणाचं प्रमाण सांगितलं, टाळ्या झाल्या, मंडळाची पितळी पाटी मिळाली. ती खोपटाच्या दारावर होती. मार्लिस पहिल्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवताना खाली बघत होती. तो तिचा संकोची स्वभाव, असं त्यानं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

यंदा मात्र पद्धतीला काय झालं कळेना. ऑगस्टच्या मध्यापासून माश्या वाढतच होत्या. आलुबुखारं झाडावरच पोकळ होत होती. हातात घेतलं की साल चिमून जायची आणि आतून एक चिडका आवाज यायचा. त्यानं सहा बाटल्यांच्या दहा केल्या. आता, सोमवारी, त्यानं चौदा केल्या आणि सगळ्या आणून नासपतीच्या झाडाभोवती टांगल्या, पहारा बसवतात तशा. शेजारच्या तुकड्यावरून कार्मेलो बघत होता. कार्मेलो इटलीतल्या कालाब्रियाचा, चाळीस वर्षं या शहरात भिंती बांधून निवृत्त झालेला. त्याची द्राक्षं कुंपणाला लागून होती. त्यालाही यंदा माश्यांचा त्रास होता आणि त्याचा संशय होता की त्या एर्विनच्या बारमधून पिऊन त्याच्याकडे जेवायला येतात.

"एर्विन, तू आमंत्रण पाठवतोस आणि आलेल्याला बुडवतोस," तो कुंपणावर हात टेकून म्हणाला. "आमच्याकडे बोलावलं तर जेवायला घालतात."

एर्विननं त्याला मिश्रणाचं शास्त्र सांगितलं. कार्मेलोनं ते चोविसाव्यांदा ऐकून घेतलं. मग त्यानं आपलं शास्त्र सांगितलं. उन्हाळाभर या माश्या राबतात, म्हणाला. पोळ्यात पिल्लं असतात, त्यांना किडे आणून भरवायचे, आणि पिल्लं त्या बदल्यात त्यांना तोंडातून गोड थेंब देतात. त्यावरच या जगतात. ऑगस्ट संपता पिल्लं मोठी होतात, उडून जातात. काम संपलं. गोडही संपलं. "आता थंडी पडेपर्यंत गोड शोधत हिंडायचं आणि दिसेल त्याच्यावर चिडायचं. पेन्शनर आहेत बिचाऱ्या. तुला तरी समजायला पाहिजे."

एर्विनला हे बोलणं आवडलं नाही. तो चिडत नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यानं घरातसुद्धा शिस्त ठेवली होती, एवढंच. मार्लिस बाजारातून आली की तो तिला सांगायचा, की अकरा चौदाच्या ऐवजी अकरा सहाची धरली असतीस तर पुलावर बदलायला चार मिनिटं मिळाली असती. तिच्या सोयीसाठीच सांगायचा. पहिल्या वर्षी ती म्हणायची, बरं. दुसऱ्या वर्षी ती पिशवी ठेवून सरळ आत जायची. तिसऱ्या वर्षी तिनं काय केलं ते आता, शिडीवर चढून बाटलीच्या तोंडाशी कान लावला असताना, त्याला एकदम आठवलं. ती दारातच थांबायची. किल्ली कुलपात घालून, न फिरवता, उभी. आतून त्याला किल्लीचा आवाज यायचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्याला वाटायचं, दार अडकतंय. त्यानं कुलपात तेल घातलं होतं.

माशीला बाहेर काढायला त्याला अर्धा तास लागला. बाटलीला काळा कपडा गुंडाळून तोंडाकडे उजेड ठेवला तेव्हा ती निघाली, जाताना अंगठ्याच्या मुळाशी डसून गेली. हात ठणकत असतानाच त्यानं निर्णय घेतला. हात लावू नकोस म्हणाली होती. पण फळ वाचवण्यासाठी लावलेला हात हा हात लावणं म्हणून धरायचा नसतो. खोपटात मार्लिसचा एक जुना नायलॉनचा पायमोजा होता, टोमॅटोची रोपं बांधायला ठेवलेला. तो त्यानं बाटलीच्या तोंडात, फांदीच्या भोवती, बोटानं दाबून दाबून कोंबला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून वर मेणबत्तीचं मेण ओतलं. सगळीकडून बंद. एक मुंगीसुद्धा शिरणार नाही. खाली उतरून त्यानं लांबून बघितलं आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदा त्याला शांत वाटलं. रात्री झोपही लागली.

मंगळवार गेला. बुधवारी ऊन कडक पडलं आणि काच आतून धुकटली. गुरुवारी नासपती दिसेनाशी झाली. बाटली पांढरी, दवानं भरलेली, न्हाणीघराच्या खिडकीसारखी, आणि आत फक्त एक पिवळसर सावली. त्यानं काचेवर बाहेरून बोट फिरवलं. धुकं आतल्या बाजूला होतं. ते पुसणं त्याच्या हातात नव्हतं. मग सूर्य जरा सरकला, एक थेंब काचेवरून ओघळला, आणि त्या ओघळाच्या वाटेतून त्याला एक तपकिरी डाग दिसला, नाण्याएवढा. फळ घुसमटत होतं. त्याच्या मनात हाच शब्द आला आणि आल्या आल्या त्यानं तो बाजूला ढकलला, कारण तो फळांसाठी वापरायचा शब्द नव्हता.

त्यानं मेण खरवडलं, मोजा ओढून काढला. आतून वास आला. गोड, आंबूस, कोमट. नाक मागे घेण्याआधीच पहिली माशी कानाजवळून गेली. चौदा बाटल्यांच्या वासानं सगळ्या भोवती जमलेल्याच होत्या; आता त्यांना खरी मेजवानी उघडून मिळाली. तो जाळीचं कापड आणायला दुकानात गेला. दुकान दुपारी बंद होतं, ते दीडला उघडेपर्यंत तो फुटपाथवर उभा राहिला. शेजारच्या दुकानाच्या काचेत बाटल्या मांडल्या होत्या; त्यातल्या तीन बाटल्यांत नासपती होती. टपोरी, निष्कलंक, दारूत तरंगणारी. घ्यावी एक, ओतून टाकावी दारू, बांधावी झाडाला. हा विचार त्याच्या मनात इतका स्वच्छ, इतका वक्तशीर आला, की तो दाराच्या मुठीपर्यंत गेला. मग त्याला आठवलं, मार्लिसच्या बाटलीच्या बुडाशी एक टवका उडालेला आहे. आणि नसता उडाला तरी तिनं ओळखलं असतं. तिला काय काय ओळखता येतं याचा अंदाज त्याला अलीकडेच येऊ लागला होता. तो बागेत परतला तेव्हा बाटलीच्या तोंडाशी माश्यांची रांग होती. आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या, एकीचा धक्का दुसरीला नाही. अशी वाहतूक त्याला चौतीस वर्षांत जमली नव्हती. तो जाळीचं कापड मांडीवर घेऊन बाकावर बसला आणि संध्याकाळपर्यंत बघत राहिला.

शनिवारी तो साडेआठला येऊन थांबला. पावणेदहाची ट्राम आली, गेली. नऊ बावन्नची आली, गेली. प्रत्येक ट्राम थांबली की तो उठायचा, सुटली की बसायचा. दहाला पाच कमी असताना मार्लिस मागच्या फाटकातून आत आली.

"चालत आले," ती म्हणाली. "पुलावरून."

चालत आलेल्या माणसाला कुठली गाडी धरायला हवी होती हे सांगता येत नाही. तिनं केस आखूड केले होते. निळा सदरा होता, त्यानं न पाहिलेला. ती झाडापाशी गेली आणि मान वर करून उभी राहिली.

नासपती देठाला धरून होती. आकार तसाच, पोट तसंच. पण आत काही नव्हतं. फक्त साल, तीही इतकी पातळ की ऊन तिच्यातून आरपार येत होतं, कागदी कंदिलातून येतं तसं. बुडाला एक भोक होतं आणि त्या कंदिलात एक माशी सावकाश फिरत होती.

मार्लिसनं विचारलं, "हात लावलास?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा," तो म्हणाला. नंतर त्याला वाटलं पूर्ण सांगावं. "मोजा कोंबला होता. वरून मेण."

तिनं मान हलवली, जणू हे तिला आधीच कळवण्यात आलं होतं. मग तिनं झाडाभोवतीच्या चौदा बाटल्यांवरून नजर फिरवली. त्यांच्या तळाशी मेलेल्या माश्यांचा जाड काळा-पिवळा थर. "आणि बशी?"

"कसली बशी?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता. रस्त्यात एखाद्याला पत्ता सांगावा आणि त्याला या शहराचीच माहिती नाही असं दिसावं, तेव्हा बघतात तसं. ती खोपटाच्या मागे गेली आणि तो तिच्या मागून गेला. खोपटाच्या मागे, खताच्या ढिगापलीकडे, तुकड्याच्या अगदी टोकाला तो सहसा जायचा नाही; ते तिचं होतं, तिथं ती संध्याकाळी सालपटं टाकायला जायची. तिथं विटेवर एक पांढरी बशी होती, कड उडालेली, पावसानं मळलेली. शेजारी एक बुटकं स्टूल.

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, पायानं वाळकी पानं बाजूला सारत. ऑगस्ट अर्धा झाला की खाली पडलेली, पिचलेली, नासकी फळं रोज बशीत ठेवायची. पावणेसहाला. रोज, एकही दिवस न चुकता. त्यांना इथंच आयतं मिळालं की त्या झाडापर्यंत जात नाहीत. तिच्या आईची रीत होती. बाटल्यांनी फक्त वास सुटतो. त्या टांगल्यापासून तिला बशीत दुप्पट घालावं लागायचं.

"किती वर्षं?" त्यानं विचारलं, जरी त्याला आकडा ठाऊक होता.

"चोवीस."

"सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. तेवढ्यात तू व्याख्यान दिलंस." ती म्हणाली. "लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग कसं सांगायचं?"

कुंपणापलीकडे कार्मेलोची कात्री थांबली होती. तो द्राक्षांकडे फार लक्षपूर्वक बघत होता.

"यंदा जातानाही बशीचं बोलले नाही," मार्लिस म्हणाली. "बाटलीला हात लावू नकोस म्हटलं, पण बशीचं नाही. तेवढी चूक माझी."

ही तेवढी चूक तिच्याकडून घेऊन ठेवून देणं किती सोपं होतं. चौतीस वर्षं त्यानं उशिराची कारणं अशीच वाटून दिली होती: एवढी मिनिटं पावसाची, एवढी प्रवाशांची, कागदाची कधीच नाही. एर्विन बशीकडे बघत होता. तिच्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि एक पान.

"नाही," तो म्हणाला.

बाटली तरीही नेणार, असं तिनं ठरवलं. सालीनंसुद्धा वास येतो दारूला, म्हणाली, आणि नाही आला तर नाही. त्यानं शिडी आणली. ती वर चढली, तो खाली धरून उभा राहिला; तेच पाय, तीच लाकडी पायरी, तोच किरकिर आवाज. तिनं देठ कापला, बाटली आडवी करून तोंड उजेडाकडे धरलं आणि आतली माशी निघेपर्यंत वाट पाहिली. तिला घाई नव्हती. माशी कंदिलातून बाहेर आली, काचेवरून चालली, पडली, पुन्हा चालली. एर्विनला ठणकणारा अंगठा आठवला. सुतळी सोडताना मार्लिसचा हात वर होता, मे महिन्यात होता तसाच, आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"मार्लिस, येत्या मे महिन्यात बाटली कोण बांधणार?"

सुतळी सुटून खाली पडली.

"आधी खाली येऊ दे," ती म्हणाली.

ती खाली आली, हात पुसले. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. चहाचं त्यानं विचारलं नाही. विचारावं असं वाटलं, पण तो थांबला, आणि हे थांबणं त्याला फार जड गेलं. फाटकापाशी ती वळली. "बशी ठेवत जा," ती म्हणाली. "मग बघू." आणि पुलाच्या दिशेनं चालू लागली.

त्यानं चौदाच्या चौदा बाटल्या उतरवल्या आणि खताच्या ढिगात रिकाम्या केल्या. बशी धुतली. खाली पडलेली आलुबुखारं वेचून तिच्यात ठेवली, एक दोन बोटानं फोडून, आणि पावणेसहाला स्टुलावर बसला. स्टूल त्याला बुटकं होत होतं. गुडघे हनुवटीशी आले. माश्या आल्या. आधी तीन, मग मोजता येईनात. त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यानं मान वर केली तेव्हा त्याला दिसलं, की खोपट आणि कुंपण यांच्या मधल्या फटीतून या जागेवरून एकच गोष्ट दिसते: त्याचा बाक, मागच्या बाजूनं. चोवीस वर्षं त्या बाकावर एक माणूस ट्रामकडे तोंड करून बसलेला असायचा, मनगट डोळ्यांशी धरून. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर इथं बसलेलं माणूस दिसलं असतं. बाक आता रिकामा होता आणि एर्विनला तो बराच वेळ बघवेना.

सप्टेंबर संपला. झाडांवर राखण्यासारखं काही उरलं नाही. कार्मेलोची द्राक्षंही उतरली. एका संध्याकाळी त्यानं कुंपणावरून घडभर काळी द्राक्षं दिली, "तुझ्या पेन्शनरांना", एवढंच म्हणून. एर्विन तरीही रोज जात होता. ऑक्टोबरात माश्या कमी झाल्या. ज्या येत त्या जड, मंद, बशीच्या कडेवरून घसरणाऱ्या. मग एका सकाळी गवतावर पांढरं पडलं. त्या दिवशी पावणेसहाला अंधारच झाला होता. त्यानं बशीत एक फोडलेलं द्राक्ष ठेवलं आणि कोटाची कॉलर वर करून बसला. कुणी आलं नाही. कुंपणापलीकडून ट्राम गेली. मग, तो उठणारच होता तेव्हा, विटेवरून एक माशी चालत आली. उडायचं त्राण नव्हतं, पंख अंगाला चिकटलेले. चार पावलं, थांबणं. पुन्हा तीन. बशीची कड तिला भिंतीसारखी झाली. एर्विननं द्राक्ष उचलून खाली, तिच्या वाटेत ठेवलं आणि हात मागे घेतला. ती किती वाजता पोचली हे त्याला सांगता आलं नसतं.